खिसे दाखवतोस का? स्कॉटलंडच्या राष्ट्रीय पोलीस दलातलं ‘संमतीच्या झडती’चं प्रकरण

२०१० या एका वर्षात स्कॉटलंडच्या पोलिसांनी दहा वर्षांच्या किंवा त्याहून लहान अशा सुमारे ५०० मुलांना रस्त्यात थांबवून त्यांची झडती घेतली. त्यातली ७२ मुलं सात वर्षांची किंवा त्याहूनही लहान होती. त्या काळी स्कॉटलंडमध्ये गुन्हेगारी जबाबदारीचं किमान वय आठ होतं. म्हणजे या ७२ मुलांच्या हातून कायद्याच्या लेखी गुन्हा घडूच शकत नव्हता. त्यांच्या खिशात काहीही सापडलं असतं तरी त्यांच्यावर खटला उभा राहिला नसता. तरीही गणवेशातल्या कुणीतरी त्यांना थांबवलं, त्यांचे खिसे तपासले, तशी नोंद केली आणि ती नोंद पोलिसांनी केलेल्या कामात जमा झाली.

हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं ते एका कारणासाठी. यात कुणी खलनायक नाही. सुऱ्यांनी तरुण पोरं मरत होती हे खरं होतं, ते थांबवायची पोलिसांची इच्छा खरी होती, आणि रस्त्यावरच्या शिपायाला आपण लोकांचं रक्षण करतोय असंच वाटत होतं. एवढं सगळं खरं असूनही एक सबंध पोलीस दल अशा ठिकाणी पोचलं जिथे त्याच्याच वरिष्ठ अधिकाऱ्याला संसदेच्या समितीपुढे ‘हे समर्थनीय नाही’ असं सांगावं लागलं. तिथवर ते कसं पोचलं आणि मग परत कसं फिरलं, हे तपशिलात पाहण्यासारखं आहे.

आधीची परिस्थिती

स्कॉटलंडमध्ये २००४-०५ या वर्षात खुनांचा आकडा १३७ होता. पन्नास लाखांच्या आसपास वस्तीच्या देशासाठी हा आकडा भयंकर होता. यातला मोठा वाटा ग्लासगो आणि आसपासच्या पश्चिम भागाचा, आणि हत्यार बहुतेक वेळा सुरी. ग्लासगोच्या पूर्व भागातल्या वस्त्यांमध्ये पोरांच्या टोळ्या पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या. अमुक रस्ता ओलांडला की मार, एवढ्याशा हद्दीवरून भांडणं, त्यात दारू आणि खिशात सुरी. युरोपातलं खुनांचं शहर असं ग्लासगोचं नाव वर्तमानपत्रांतून पडलं होतं.

त्या वेळी देशात आठ प्रादेशिक पोलीस दलं होती. ग्लासगो ज्याच्या हद्दीत येत होतं ते स्ट्रॅथक्लाइड पोलीस हे सर्वांत मोठं. या दलातून हिंसेला दोन वेगवेगळी उत्तरं पुढे आली, आणि ती दोन्ही एकाच इमारतीतून, जवळपास एकाच काळात आली.

पहिलं उत्तर म्हणजे २००५ च्या जानेवारीत सुरू झालेलं हिंसा घटवण्यासाठीचं पथक, व्हायोलन्स रिडक्शन युनिट. कॅरन मॅक्लस्की या गुन्हे विश्लेषक आणि जॉन कार्नोकन हे खुनांच्या तपासात मुरलेले पोलीस अधिकारी, या दोघांनी ते उभं केलं. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली हिंसेकडे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहणारा अहवाल काढला होता. तोच विचार या दोघांनी उचलला. साथ कुठून पसरते, कुणाला आधी लागते, ती लागू नये म्हणून काय करता येईल, अशा रीतीने त्यांनी सुरीच्या हल्ल्यांकडे पाहिलं. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, हे पथक सबंध देशासाठी काम करू लागलं.

२००८ च्या ऑक्टोबरमध्ये या पथकाने ग्लासगोच्या शेरिफ न्यायालयात, म्हणजे तिथल्या स्थानिक न्यायालयात, टोळ्यांतल्या पोरांना बोलावून घेतलं. आरोपी म्हणून नव्हे, बोलणं ऐकायला. एकीकडे पोलिसांनी त्यांना स्पष्ट सांगितलं की तुमच्यातल्या एकाने जरी हल्ला केला तर सगळ्या टोळीमागे लागू. त्यानंतर उभे राहिले शल्यविशारद, मुलगा गमावलेली आई, आणि त्याच रस्त्यांवरून बाहेर पडलेले जुने गुन्हेगार. शेवटी एक फोन नंबर दिला: यातून बाहेर पडायचं असेल तर फोन करा, शिक्षण, नोकरी, व्यसनमुक्ती, जे लागेल त्यात मदत करू. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात १९९० च्या दशकात झालेल्या प्रयोगावरून हे घेतलं होतं. फोन येऊ लागले.

दुसरं उत्तर जास्त सरळ होतं: रस्त्यावर जास्तीत जास्त लोकांना थांबवा आणि तपासा. लंडनच्या पोलीस दलातून आलेले स्टीफन हाउस २००७ साली स्ट्रॅथक्लाइडचे चीफ कॉन्स्टेबल, म्हणजे दलाचे प्रमुख, झाले. त्यांच्या काळात झडत्यांना मोहिमेचं रूप आलं. पोरांना पकडले जाण्याची धास्ती राहिली तर ती सुरी घरी ठेवून बाहेर पडतील, हा त्यामागचा हिशेब. हा हिशेब खुळचट मुळीच नव्हता. ज्या आईचं पोर शनिवारी रात्री बाहेर पडतं, तिला तो पटण्यासारखा होता.

संमती नावाची वाट

झडती घ्यायची तर पोलिसांना कायद्याचा आधार लागतो. अमली पदार्थांसाठी १९७१ चा कायदा होता, हत्यारांसाठी १९९५ चा, चोरीच्या मालासाठी १९८२ चा. या तिन्हींत एक अट समान होती: या माणसाकडे अमुक वस्तू आहे असा संशय घ्यायला वाजवी कारण हवं. नुसता चेहरा, वस्ती, कपडे हे कारण होत नाही.

स्कॉटलंडमध्ये मात्र याला समांतर अशी आणखी एक वाट होती. पोलिसाने विचारायचं, ‘खिसे दाखवतोस का?’ समोरचा हो म्हणाला की झालं. कायदा लागत नाही, संशयाचं कारण लागत नाही. नाही म्हणता येतं, हे त्याला सांगण्याचं बंधन पोलिसावर नव्हतं. हिला ‘संमतीची झडती’ म्हणत.

आता चौदा वर्षांचा मुलगा डोळ्यांपुढे आणा. संध्याकाळची वेळ, दोन अंगापिंडाने भरलेले पोलीस, गाडी कडेला उभी. प्रश्न विचारला जातो. तो मुलगा ‘नाही’ म्हणेल? आणि म्हणालाच, तर त्या नाही म्हणण्याचाच संशय येणार नाही का? या प्रसंगाला संमती म्हणणं मला मान्य होत नाही. सात वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तर हा विचार करणंही अवघड आहे.

ही वाट सोपी होती म्हणून तीच रुळली. एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधक कॅथ मरे यांनी २०१४ च्या जानेवारीत आपला अभ्यास प्रसिद्ध केला तेव्हा या वाटेवरची वर्दळ किती होती ते पहिल्यांदा लोकांसमोर आलं. २०१० मध्ये स्कॉटलंडमध्ये दर हजार लोकांमागे ६४ झडत्या झाल्या होत्या. इंग्लंड आणि वेल्समध्ये हेच प्रमाण हजारामागे १७ होतं, म्हणजे जवळपास चौपट फरक. स्कॉटलंडमधल्या चारपैकी सुमारे तीन झडत्या संमतीच्या, म्हणजे कायद्याच्या आधाराशिवायच्या होत्या. देशाची निम्म्याहून कमी वस्ती स्ट्रॅथक्लाइडमध्ये होती, पण पाचपैकी चारांहून जास्त झडत्या तिथल्या होत्या. आणि सर्वांत जास्त वाट्याला आल्या त्या किशोरवयातल्या मुलांच्या.

इंग्लंडमध्ये झडत्यांवरून दंगली झाल्या, चौकशी आयोग बसले, सतत चर्चा चालली. तिथे हा वंशाचा प्रश्न म्हणून पुढे आला. स्कॉटलंडमध्ये थांबवली जाणारी पोरं बहुतेक गोरी, गरीब वस्तीतली. त्यांच्या बाजूने बोलणारं कुणी नव्हतं, म्हणून चौपट प्रमाण असूनही वर्षानुवर्षं कुणाला त्याचा पत्ता लागला नाही. मरे यांच्या अभ्यासातली ही गोष्ट मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते.

एकच दल, एकच साचा

१ एप्रिल २०१३ रोजी आठही प्रादेशिक दलं विलीन होऊन पोलीस स्कॉटलंड हे एकच राष्ट्रीय दल अस्तित्वात आलं. सतरा हजारांहून जास्त पोलीस, ब्रिटनमध्ये लंडनच्या दलाखालोखाल दुसरं मोठं. पहिले चीफ कॉन्स्टेबल झाले स्टीफन हाउस.

ज्या कायद्याने हे दल उभं राहिलं, त्या २०१२ च्या कायद्याचं ३२ वं कलम वाचण्यासारखं आहे. पोलिसांच्या कामाचा मुख्य हेतू काय, हे त्यात लिहून ठेवलंय: स्कॉटलंडमधल्या व्यक्ती, परिसर आणि समुदाय यांची सुरक्षितता आणि कल्याण वाढवणं. आणि ते कसं करायचं, तर स्थानिक समुदायांना जवळचं वाटेल, त्यांच्याशी जोडलेलं राहील आणि गुन्हा, हानी, अव्यवस्था यांना आधीच आळा घालेल अशा रीतीने. गुन्हेगार पकडणं हा शब्दप्रयोग त्या हेतूच्या वाक्यात नाही. मला हे कलम फार चांगलं वाटतं. पोलीस कशासाठी असतात याचं इतकं नेमकं उत्तर कायद्याच्या पुस्तकात क्वचित सापडतं.

पण शिपाई सकाळी कामावर निघतो तेव्हा त्याच्या खिशात ३२ वं कलम नसतं. त्याचा वरिष्ठ काय विचारणार आहे, ते त्याच्या डोक्यात असतं. स्ट्रॅथक्लाइडमध्ये आकड्यांवर कामगिरी मोजायची पद्धत मुरलेली होती. विलीनीकरणानंतर तीच देशभर गेली. किती झडत्या झाल्या, त्यातल्या किती झडत्यांत काही सापडलं, हे मोजलं जाऊ लागलं. एडिंबरा, फाइफ यांसारख्या भागांत, जिथे आधी झडत्यांवर एवढा भर नव्हता, तिथेही त्या वाढल्या. २०१३-१४ या पहिल्याच वर्षात पोलीस स्कॉटलंडने ६,४०,६९९ झडत्यांची नोंद केली. देशाची लोकसंख्या तेव्हा साधारण ५३ लाख होती.

यातल्या किती झडत्या खरोखर झाल्या, हाही प्रश्न पुढे उभा राहिला. आकडा भरायचा म्हणून न घेतलेल्या झडत्यांचीही नोंद होते, अशी कुजबुज पोलिसांमधूनच बाहेर येऊ लागली होती. शिपायाच्या बाजूने पाहिलं तर हे समजण्यासारखं आहे. वरून दबाव आला की माणूस दोन गोष्टी करतो: एक तर नको तिथे हात घालतो, नाहीतर कागद रंगवतो. दोन्हींत नुकसान त्याच परिसराचं होतं, जिथे तो गस्त घालतो.

हाच एकसाची स्वभाव दुसऱ्या एका गोष्टीतही दिसला. २०१४ मध्ये हायलँड्समधल्या, म्हणजे उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या, लोकांच्या लक्षात आलं की नेहमीच्या गस्तीवरचे काही पोलीस कमरेला पिस्तूल लावून फिरताहेत. ब्रिटनच्या ज्या भागांत गुन्हे सर्वांत कमी, त्यांतला हा एक. इथे पोलीस म्हणजे ओळखीचा, निःशस्त्र माणूस. लोक भडकले, आमदारांनी प्रश्न विचारले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये दलाला धोरण बदलावं लागलं. सशस्त्र पोलीस फक्त शस्त्रांच्या घटनांना किंवा कुणाच्या जिवाला धोका असेल तिथेच पाठवायचे असं ठरलं. राष्ट्रीय दलाचे फायदे खरे आहेत: विशेष पथकं सगळ्यांना मिळतात, तपासाचा दर्जा सारखा राहतो, लहान भागाला मोठ्या घटनेत मदत मिळते. पण ग्लासगोच्या रस्त्यासाठी शिवलेला अंगरखा हायलँड्समधल्या इनव्हरनेसला बसतो का, हे तिथल्या लोकांना कुणी विचारलंच नव्हतं.

कोसळण्याचे तेरा महिने

मरे यांचा अहवाल आला तेव्हा पोलीस दलाची पहिली प्रतिक्रिया बचावाची होती. झडत्या वाढल्या, हिंसा कमी झाली, मग आक्षेप कसला, असा युक्तिवाद. वरवर तो बिनतोड वाटतो. पण त्याच काळात इंग्लंडमध्येही हिंसा घटत होती, आणि तिथे झडत्या कितीतरी कमी होत्या. शिवाय ग्लासगोत हिंसा घटवणारं ते दुसरं पथकही काम करत होतं, डॉक्टर शाळाशाळांतून सुरीच्या जखमांबद्दल बोलत होते, सुरी बाळगण्याची शिक्षा वाढली होती. या सगळ्यातून नेमकं श्रेय झडत्यांनाच कसं द्यायचं? देता येत नव्हतं. मुलांच्या हक्कांसाठीचे आयुक्त टॅम बेली यांनी लहान मुलांच्या झडत्यांना उघड विरोध केला.

जून २०१४ मध्ये सहायक चीफ कॉन्स्टेबल वेन मॉसन संसदेच्या पोलीसविषयक उपसमितीपुढे आले. बारा वर्षांखालच्या मुलांच्या संमतीच्या झडत्या समर्थनीय नाहीत, आणि त्या बंद होतील, असं त्यांनी सांगितलं. प्रकरण इथेच मिटलं असतं.

ते मिटलं नाही. २०१५ च्या फेब्रुवारीत बीबीसीने माहितीच्या अधिकाराखाली मिळालेले आकडे प्रसिद्ध केले: बंदी जाहीर झाल्यानंतरही बारा वर्षांखालच्या ३५६ मुलांची झडती घेतल्याची नोंद होती. दलाने सांगितलं की आकडे विश्वासार्ह नाहीत, नोंदींत चुका आहेत. मग त्या आकड्यांवर आजवर जी धोरणं बेतली, जी भाषणं दिली, त्यांचं काय? हा प्रश्न आपोआप उभा राहिला. त्याच महिन्यात चीफ कॉन्स्टेबलनी पोलिसांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाला सांगितलं की झडत्यांच्या २०,०८६ नोंदींतली माहिती हरवली आहे, एका संगणक प्रोग्रॅमरने चुकीचं बटण दाबल्यामुळे.

एखादी संस्था विश्वास कशी गमावते याचा हा धडा आहे असं मी म्हणेन. मूळ चूक लोकांनी माफ केली असती. जूनमध्ये ती कबूलही झाली होती. पण बंद केलं असं सांगितल्यावर ते चालू असल्याचं दिसलं, आणि मग ‘आमचे आकडेच बरोबर नाहीत’ असं उत्तर मिळालं. यानंतर कुणी कशावर विश्वास ठेवायचा?

पोलिसांची स्वतंत्र तपासणी करणाऱ्या निरीक्षकांनी, डेरेक पेनमन यांच्या कार्यालयाने, मार्च २०१५ मध्ये अहवाल दिला. झडत्यांच्या नोंदींवर आमचा भरवसा नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. संमतीची झडती शक्यतो टाळायची आणि आकड्यांची उद्दिष्टं काढून टाकायची, अशी दिशा त्यांनी दाखवली.

निर्णय, आणि त्यातला अवघड भाग

त्याच महिन्यात सरकारने मानवी हक्कांसाठी लढणारे वकील जॉन स्कॉट यांच्या अध्यक्षतेखाली सल्लागार गट नेमला. कायदेपंडित, अभ्यासक, पोलीस, मुलांसाठी काम करणारे लोक त्यात होते. प्रश्न असा: संमतीची झडती ठेवायची, नियमांनी बांधून घ्यायची, की पूर्ण बंद करायची?

मधला मार्ग आकर्षक होता. संमती ठेवा, पण पोलिसाने आधी ‘तुला नाही म्हणता येतं’ असं सांगावं. अनेकांना तो पुरेसा वाटला असता. गटाने तो नाकारला, आणि माझ्या मते योग्य केलं. पोलीस आणि मूल यांच्यातलं बळाचं अंतर एका वाक्याने भरून निघत नाही. शिवाय संशयाचं वाजवी कारण असेल तर कायदा हाताशी आहेच. कारण नसेल तर झडती कशासाठी? हा साधा प्रश्न इतकी वर्षं कुणी विचारला नव्हता.

खरी अडचण दारूची होती. अल्पवयीन मुलांकडची दारू काढून घेण्याचा अधिकार पोलिसांना होता, पण ती शोधण्यासाठी झडती घेण्याचा नव्हता. म्हणजे एखाद्या मुलीच्या पिशवीत व्होडकाची बाटली दिसत नाही पण आहे असं वाटतंय, आणि ती रात्री नदीकाठी निघाली आहे, अशा वेळी पोलिसाकडे संमती सोडून दुसरा मार्ग नव्हता. गस्तीवरचे पोलीस हा मुद्दा कळकळीने मांडत होते. दारू प्यालेल्या, थंडीत पडून राहिलेल्या मुलांना घरी पोचवायचं काम त्यांनाच करावं लागतं, त्यामुळे त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या बाजूला, दारूसाठी नवा अधिकार दिला तर पुन्हा त्याच किशोरांच्या झडत्या नव्या नावाने सुरू होतील, ही भीतीही रास्त होती.

या एका प्रश्नावर गटाने घाईने उत्तर दिलं नाही. त्यावर वेगळं जनमत घ्यावं असं त्यांनी सुचवलं. नंतरच्या कायद्यात सरकारला गरज पडल्यास असा अधिकार आणता येईल अशी सोय ठेवली गेली, पण तो लगेच दिला गेला नाही. आधी पाहू, मग ठरवू. मला यातला संयम महत्त्वाचा वाटतो. अधिकार एकदा दिला की काढून घेणं अवघड असतं, हे याच प्रकरणाने दाखवलं होतं.

सप्टेंबर २०१५ मध्ये गटाचा अहवाल आला. संमतीची झडती बंद करा, आणि कायद्याचं बळ असलेली आचारसंहिता आणा. न्यायमंत्री मायकल मॅथेसन यांनी सगळ्या शिफारशी मान्य केल्या. संसदेपुढे आधीपासून असलेल्या फौजदारी न्यायाच्या विधेयकात त्या घातल्या गेल्या, आणि २०१६ चा कायदा झाला. त्याआधीच, ऑगस्ट २०१५ मध्ये, स्टीफन हाउस यांनी पद सोडणार असल्याचं जाहीर केलं होतं. झडत्यांबरोबरच दलावर इतरही गंभीर आरोप तोवर साचले होते.

आचारसंहिता ११ मे २०१७ पासून लागू झाली. आता झडती घेण्यापूर्वी पोलिसाने आपण कोण, कुठल्या कायद्याखाली, काय शोधतोय आणि संशय का आला, हे सांगायचं. झडती झाल्यावर पावती द्यायची. मूल असेल तर त्याचं हित आधी पाहायचं, आणि झडती घेण्यानेच त्याला जास्त इजा होणार असेल तर ती घ्यायची का याचा विचार करायचा. या पावतीचं मोल कागदापलीकडचं आहे. पोराच्या हातात असा पुरावा येतो की आपल्याला थांबवलं गेलं त्याचं कारण होतं, ते कुणीतरी लिहून दिलंय, आणि पटलं नाही तर दाद मागता येते.

त्यानंतर काय झालं

नियम लागू होण्याआधीच, २०१५ मध्ये नोंदींची नवी पद्धत आली आणि उद्दिष्टं गेली तेव्हापासून, झडत्या झपाट्याने कमी होत गेल्या होत्या. वर्षाला सहा लाखांहून जास्त असलेला आकडा संहितेनंतर पन्नास हजारांच्याही खाली आला. हा फरक इतका मोठा आहे की जुन्या काळातल्या किती झडत्या केवळ आकड्यासाठी होत्या, याचा अंदाज त्यातूनच येतो.

आणि उरलेल्या झडत्यांत काही सापडण्याचं प्रमाण वाढलं. आधी पाचांतल्या एखाद्या झडतीत काही हाती लागायचं, आता तिसऱ्या हिश्शाहून जास्त झडत्यांत सापडू लागलं. कारण लिहून द्यावं लागतं म्हटल्यावर पोलीस आधी कारणाचा विचार करू लागला, एवढाच त्याचा अर्थ.

मोठी भीती होती ती गुन्हे वाढतील याची. झडत्यांचा धाक गेला की सुऱ्या परत खिशात येतील. एडिंबरा विद्यापीठातल्या सुझन मॅकव्ही यांनी संहितेच्या पहिल्या बारा महिन्यांचा आढावा घेतला. झडत्या इतक्या घटूनही गुन्ह्यांवर त्याचा ठळक परिणाम दिसला नाही, आणि दारूच्या बाबतीतही मोठी पोकळी निर्माण झाल्याचं आढळलं नाही. खुनांचा आकडा २००४-०५ च्या निम्म्याच्या आसपास किंवा खालीच राहिला.

मॅकव्ही यांचं याआधीचं कामही इथे सांगायला हवं, कारण ते या प्रकरणाचा गाभा उलगडतं. लेस्ली मॅकारा यांच्यासोबत त्यांनी १९९८ पासून एडिंबऱ्यातल्या सुमारे ४,३०० मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. त्यातून दिसलं की पोलिसांच्या नजरेत एकदा आलेलं पोर पुन्हा पुन्हा पकडलं जातं. तेवढीच गडबड करणारं, पण नजरेत न आलेलं दुसरं पोर सुटतं. गरीब वस्तीतली, आधी नोंद असलेली मुलं हेच ‘नेहमीचे संशयित’. आणि या व्यवस्थेत जे पोर जास्त खोल ओढलं गेलं, त्याचं गुन्ह्यांतून बाहेर पडणं जास्त कठीण झालं. बहुतेक मुलं, त्यांच्या वाटेला कुणी गेलं नाही तर, वयानुसार आपोआप शांत होतात.

म्हणजे झडती मोफत नसते. तिची किंमत त्या संध्याकाळी दिसत नाही. ती पाच वर्षांनी दिसते, जेव्हा त्याच गल्लीत कुणाला भोसकलेलं असतं, दहा जणांनी ते पाहिलेलं असतं, आणि पोलिसाने दार वाजवल्यावर एकही जण तोंड उघडत नाही. खुनाचा तपास ज्या एका गोष्टीवर उभा असतो, ती म्हणजे कुणीतरी येऊन सांगणं. कार्नोकन आणि मॅक्लस्की यांच्या पथकाला हे माहीत होतं. न्यायालयात बोलावलेल्या त्या पोरांना त्यांनी दिलेला फोन नंबर याच समजुतीतून आलेला होता. एकाच दलात, एकाच शहरात, एक शिपाई त्या पोराला म्हणत होता की फोन कर, आणि दुसरा त्याच आठवड्यात त्याच पोराला भिंतीला टेकवून खिसे उलटे करायला लावत होता.

ही विसंगती इतकी वर्षं चालली याचं कारण मला असं दिसतं की पहिल्या कामाचा आकडा बनत नाही. न झालेला खून कुठल्या तक्त्यात लिहायचा? टोळी सोडून सुतारकाम शिकायला गेलेलं पोर कुणाच्या खात्यात जमा करायचं? झडती मात्र मोजायला सोपी. वरिष्ठाला दाखवता येते, मंत्र्याला सांगता येते, पेपरात छापता येते. ३२ व्या कलमातली ‘सुरक्षितता आणि कल्याण’ मोजायला वेळ लागतो, लोकांना विचारावं लागतं, आणि उत्तर दर महिन्याला येत नाही.

काही गोष्टी अजून सुटलेल्या नाहीत. देशाच्या वेगवेगळ्या भागांत झडत्यांचं प्रमाण आजही सारखं नाही, ग्लासगोकडचं प्रमाण जास्तच राहिलं आहे. गुन्हेगारी जबाबदारीचं वय २०१९ च्या कायद्याने आठावरून बारा झालं आणि २०२१ च्या अखेरीस ते अमलात आलं, त्यामुळे लहान मुलांचा प्रश्न बराचसा मार्गी लागला. पण पंधरा, सोळा, सतरा वर्षांच्या मुलांचं काय, यावरची चर्चा चालू आहे. आणि एक गोष्ट तर अजून नीट विचारलीच गेलेली नाही. झडत्यांची सगळी मोहीम सुऱ्यांच्या नावाने उभी राहिली होती. आज कायद्याच्या चौकटीत, कारण लिहून, पावती देऊन होणाऱ्या झडत्या पाहिल्या, तर त्यातल्या बहुतांश अमली पदार्थांसाठी आहेत. हत्यारांसाठीच्या त्या मानाने फार थोड्या. स्कॉटलंडमध्ये अमली पदार्थांनी होणारे मृत्यू युरोपात सर्वांत जास्त प्रमाणात आहेत, आणि ती पुडी बाळगणाऱ्या तरुणाला पोलिसाने थांबवून तपासणं हे त्याच्या सुरक्षिततेसाठी आहे की नाही, हा पुढचा अभ्यास कुणीतरी हाती घ्यायला हवा.